आधी गुडघा, मग पाऊल

हॉलच्या मधोमध दोन गाद्या टाकल्या आहेत. भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या. गाद्यांजवळची रांग मात्र रिकामी. एरवी गाण्याच्या कार्यक्रमाला रुमाल टाकून पुढची जागा धरणारी मंडळी आज मागे दाटीवाटीने बसली आहेत. “पुढे या की,” चिटणीस दोनदा सांगतात. कुणी हलत नाही. पुढे बसलं की गादीवर बोलावतील, हे सगळ्यांनी ओळखलंय.

हे डोंबिवली पूर्वेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र. आषाढ संपत आलाय आणि सकाळपासून पाऊस धरून आहे. दाराशी छत्र्यांचा ढीग निथळतोय, त्याचा ओघळ लादीवरून आत येतोय. चिटणीस लगबगीने गोणपाट आणून त्यावर टाकतात.

“गोणपाट नको काका. त्याच्याच कडेला पाय अडकेल कुणाचा. पुसून कोरडं करा.”

बोलणारी तिशीतली फिजिओथेरपिस्ट आहे. ट्रॅकपँट, घट्ट वेणी, हातात खडू. सगळे तिला डॉक्टरताई म्हणतायत. चिटणीसांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात ‘वार्धक्य आणि तोल’ असं लिहून ठेवलंय. ती ते वाचते, डस्टरने पुसते आणि लिहिते : ‘पडलो. आता पुढे?’

मागून हसू फुटतं आणि लगेच विरतं.

मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा आहे. सभासद व्हायचं माझं वय अजून झालेलं नाही. चिटणीसांच्या ओळखीवर आत आलोय. असे संघ महाराष्ट्रात हजारोंनी आहेत, १९८० पासून फेस्कॉम हा त्यांचा महासंघही आहे, आणि पडू नये म्हणून काय काळजी घ्यावी यावर दर पावसाळ्यात कुठे ना कुठे व्याख्यान होतंच. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जाऊन स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढतात. पडल्यावर काय करायचं हे मात्र शाळेपासून आजतागायत कुणी कुणाला शिकवलेलं नाही. म्हणून आलोय.

“गेल्या वर्षभरात कोण कोण पडलं?” डॉक्टरताई विचारतात.

चार हात वर येतात.

“चाळीस जण आहात. पासष्टीपुढची साधारण तीनातली एक व्यक्ती वर्षात एकदा तरी पडते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे इथे बारा-तेरा हात हवेत. बाकीचे कुठे गेले?”

“मी पडले नाही, बसले,” एक काकू म्हणतात.

“कुठे?”

“मोरीत.”

“ठरवून?”

आता हशा पिकतो आणि त्या हशाच्या आडोशाने एकेक कबुली येते. कुणी बसमधून उतरताना घसरलं होतं पण ‘कंडक्टरने धरलं म्हणून पडणं झालं नाही’. कुणाचा पाय साडीच्या निऱ्यांत अडकला होता. एक गृहस्थ रात्री पलंगावरून उतरताना कलंडले होते, तरी ते पडण्यात धरायला तयार नाहीत, कारण लागलं नव्हतं. मोजदाद अकरावर येते.

“घरी कुणीकुणी सांगितलं?”

यावर कुणीच बोलत नाही. मग खिडकीजवळच्या एक मालवणी आजी हातातल्या पिशवीचे बंद चाळवत म्हणतात, “सांगून काय करू? झील वराडता. मगे भायर जाऊक देनत नाय.”

मुलगा ओरडतो. सून ओरडते. मुलगी फोनवरून ओरडते. पुढच्या दीड तासात ही वाक्यं इतक्या वेळा कानांवर येतात की मी मोजणं सोडून देतो. ओरडणाऱ्यांच्या पोटात मायाच असते, यात शंका नाही. पण त्या ओरडण्याचं पुढे काय होतं, तर आईची भाजी आणणं बंद होतं. मग जिना उतरणं बंद, मग जमिनीवर बसणं बंद. डोंबिवलीत तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, अशा जुन्या इमारती अजून भरपूर आहेत; तिसऱ्या मजल्यावरची आई एकदा ‘नको उतरूस’च्या कक्षेत गेली की ती थेट दवाखान्यासाठीच खाली येते. मांड्यांचे स्नायू न वापरल्याने बारीक होत जातात आणि पडण्याच्या भीतीने जपलेला माणूस त्या जपण्यामुळेच पडायला तयार होतो. डॉक्टरताई हे फळ्यावर गोल बाण काढून दाखवतात. मला वाटतं, हा गोल मुलांच्या मीटिंगमध्ये काढायला हवा.

सुरुवात चाचणीने होते. एका खुर्चीपासून तीन मीटरवर लादीला रंगीत चिकटपट्टी लावलेली आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. डॉक्टरताईंच्या हातात मोबाइलवरचं स्टॉपवॉच.

पहिले उठतात ते लोकलचे निवृत्त मोटरमन. पंचाहत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देत उठतात, पट्टीपर्यंत व्यवस्थित जातात. वळताना मात्र चार-पाच बारीक पावलं टाकतात, अडखळल्यासारखी. परत येऊन धपकन बसतात.

“चौदा सेकंद.”

“उशीर?”

“बारा किंवा त्याच्या वर गेलं की आम्ही जरा जास्त लक्ष देतो.”

“वळणावर वेगमर्यादा असते ताई,” मोटरमनकाका गंभीर चेहऱ्याने सांगतात. टाळ्या पडतात.

ताई हसतात, पण त्यांना सोडत नाहीत. भिंतीलगतच्या दिवाणावर पाच मिनिटं आडवं व्हायला सांगतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधतात. आडवे असताना वरचा आकडा १४८. मग उभं करतात. मिनिटभराने पुन्हा मोजतात. १२४.

“उभं राहिलं की चक्कर येते?”

“चक्कर नाही. जरा अंधारी. म्हातारपण, दुसरं काय.”

“म्हातारपण नव्हे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर त्याला कारण शोधायचं असतं. गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

काका खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतात. बीपीच्या दोन. प्रोस्टेटची एक, रात्रीची. झोपेची अर्धी, ‘लागली तरच’. शिवाय सर्दीची एक, केमिस्टकडून आणलेली, जिने छान गुंगी येते. ताई पाकिटं ओळीने मांडतात आणि त्यातली कुठलीच बंद करायला सांगत नाहीत. प्रोस्टेटच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या सैलावतात, झोपेची आणि गुंगीची गोळी पाय जड करते, आणि यांची लघवीला उठायची वेळ पहाटे तीनची, एवढं फक्त समजावून सांगतात. “आडव्याचा आणि उभ्याचा, दोन्ही आकडे लिहून देते. हा कागद आणि ही पिशवी, दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. मनाने एकही गोळी सोडायची नाही. आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पावलं वर-खाली हलवा, जरा थांबा, मग उभे राहा.”

“पलंगाशेजारी भांडं ठेवलं तर?” त्यांच्या पत्नी महिलांच्या रांगेतून विचारतात. हा प्रश्न घरात आधी झालेला दिसतो.

“भांडं ठेवणार नाही,” मोटरमनकाका म्हणतात. विषय तिथेच संपतो.

मग गादी.

“आता कोण येतंय?” ताई स्वतः गादीवर बसतात, मांडी घालून. खोलीत पुन्हा तीच शांतता. “शेवटचं जमिनीवर कधी बसलात?”

उत्तरं वर्षांत येतात. दोन वर्षं. पाच. गुडघा बदलल्यापासून नाही. करोनापासून नाही. एक काकू देवाची पूजा उभ्याने करतात, देव फ्रिजशेजारच्या फडताळात हलवले आहेत. एकेकाळी याच मंडळींनी पंगतीत पाटावर बसून जेवणावळी उठवल्या. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ आराउजो यांच्या चमूने २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते : हाताचा किंवा गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसून उठता येतं का, याला दहापैकी गुण दिले, आणि ज्यांना कमी गुण होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त आढळले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. ताकद, लवचीकपणा आणि तोल किती शिल्लक आहे याचा तो अंदाज आहे. पण गंमत अशी की ही परीक्षा आपल्याकडे दिवसातून दोनदा, ताटासमोर, फुकट होत असे. डायनिंग टेबल आलं आणि ती बंद पडली.

शेवटी जांभळ्या साडीतल्या एक आजी उठतात. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात, मुलगी मेलबर्नला. “मी येते. पण मला आजी म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणू?”

“मावशी म्हण.”

मला वाटलं होतं, ताई त्यांना झोपवतील आणि उठायला सांगतील. त्या उलटं शिकवतात. शेवटची पायरी आधी. जड लाकडी खुर्ची गादीला लावून भिंतीशी टेकवलेली, म्हणजे ती सरकणार नाही. मावशी खुर्चीत बसलेल्या. “आता एक पाऊल पुढे, दुसरा गुडघा हळूच गादीवर. हात खुर्चीवर. बस, एवढंच. आता परत वर.” एवढंच पाच वेळा. मग दोन्ही गुडघे. मग एक हात खाली. दर वेळी थोडं आणखी खाली आणि दर वेळी तिथून परत खुर्चीत. उतरायची वाट ठाऊक झाली की चढायची आपोआप कळते, असा हिशेब आहे.

साडी आड येते. दुसऱ्या खेपेला गुडघ्याखाली निऱ्या सापडतात आणि मावशी तशाच अडकून राहतात, ना वर ना खाली. दोन बायका धावतात. “थांबा!” ताईंचा आवाज चढतो. “कुणी ओढू नका. मावशी, गुडघा उचला, निऱ्या सोडवा, पदर खोचा.” मावशी निऱ्या सोडवतात, पदर कमरेला खोचतात, अगदी कामाला लागल्यासारखा, आणि त्या एका हालचालीत त्यांचं वय दहा वर्षांनी कमी दिसायला लागतं.

मग त्या पूर्ण आडव्या होतात. पाठीवर. छताचा पंखा बघत.

“कसं वाटतंय?”

“पंख्यावर केवढी धूळ आहे!”

चिटणीस मान खाली घालतात.

“आता घाई नाही,” ताई शेजारी बसून सांगतात. “पडल्यावर सगळे चूक करतात ती हीच, ताडकन उठायची. आधी पडून राहा. श्वास घ्या. हात हलवा, पाय हलवा. डोक्याला लागलंय? जांघेत कळ येते? एक पाय आखूड वाटतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय? असं काही असेल तर उठायचंच नाही. खुब्याचं हाड असू शकतं. अंगावर काहीतरी ओढून घ्यायचं, हाक मारायची, १०८ला फोन. काही नसेल, तर मग आपण उठू. गुडघे वाकवा. कुशीवर वळा.”

मावशी कुशीवर वळतात.

“वरचा हात छातीसमोर गादीवर टेका. खालच्या कोपरावर या.”

इथे वेळ जातो. कोपर थरथरतं. दंडाची सैल कातडी हलते. खोलीत पंखा आणि पाऊस यांचाच आवाज. मागच्या रांगेतली माणसं केव्हा उभी राहिली ते मला कळलेलं नाही, सगळे बघतायत. मावशी कोपरावर येतात, तिथून दोन्ही हात आणि गुडघ्यांवर. नातवंडांसाठी घोडा व्हायची तीच ओणवी अवस्था. रांगत खुर्चीपाशी. हात बैठकीवर.

“कुठला पाय बळकट?”

“उजवा.”

“उजवं पाऊल पुढे, तळवा पूर्ण टेकवून. नाक खुर्चीच्या पुढे न्या. हातांनी खाली दाबा.”

नाक पुढे जातं, कंबर वर येते. त्या अर्धवट उभ्या राहतात, वळतात आणि खुर्चीत बसतात. धाप लागलीय. कपाळावर घाम.

“लगेच उभं राहायचं नाही. बसा तिथेच दोन मिनिटं.”

टाळ्या वाजतात. मावशींना त्या आवडलेल्या नाहीत. “टाळ्या काय वाजवता, लहान मूल आहे का मी? आता तुम्ही या.”

आणि येतात की! आता रांग लागते. पुढच्या खुर्च्या भरतात. दोन्ही गाद्यांवर एका वेळी दोघं, प्रत्येकाशेजारी ताई किंवा त्यांच्याबरोबर आलेली विद्यार्थिनी. बाकीच्यांनी तोवर खुर्चीतून हात न टेकता उठबस करायची, अर्ध्या मिनिटात किती होतात ते मोजायचं. “सत्तरीतल्या बायकांना दहापेक्षा कमी जमल्या, तर पाय दुबळे झालेत समजा. आणि घाबरू नका. पायांची ताकद या वयातही परत येते.” न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात घरी करायच्या व्यायामांचा एक क्रम तयार झाला, पायाला थोडं वजन बांधून आणि तोल साधायचा सराव करून, त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. ताईंची उठबस त्यातूनच आलेली आहे, फक्त वजनाच्या जागी त्यांनी पिशवीतून अर्धा किलो तांदूळ आणलाय.

दोन्ही गुडघे बदललेले एक सर दुरूनच बघतायत. गुडघ्यावर भार द्यायची त्यांना सर्जनने अजून मुभा दिलेली नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट. ताई केंद्राच्या अडगळीतून एक पाट, एक चौरंग मागवतात. सत्यनारायणाचा चौरंग, त्यावर अजून कुंकवाचे डाग आहेत. सरांना आधार देत गादीवर बसवतात, पाय पुढे. “आता हात मागे टेकून बुडावर मागे सरका. पाटापर्यंत. हात पाटावर, पाय रोवा, बूड पाटावर. जमलं? आता तसंच चौरंगावर. मग दिवाणावर.” सर पायरी पायरीने जमिनीवरून दिवाणापर्यंत चढतात, पाठमोरे. दिवाणावर पोहोचल्यावर ते चौरंगाकडे बघत राहतात आणि विचारतात, “हा घरी नेता येईल का?” चिटणीस म्हणतात, पावती करावी लागेल.

तेवढ्यात आईला न्यायला आलेला एक मुलगा दारात उभा राहतो. पन्नाशीचा, कामाच्या घाईतला, हातात हेल्मेट. आई नेमकी गादीवर कुशीवर वळलेली. तो हेल्मेट टाकून धावतो, मागून आईच्या काखांत हात घालतो आणि उचलायला लागतो.

“सोडा,” ताई म्हणतात.

“अहो, पण...”

“सोडा आधी. असं काखेतून उचललंत तर त्यांचा खांदा निखळेल आणि तुमची कंबर जाईल.”

तो सोडतो. कानापर्यंत लाल झालाय. ताई त्याला आईच्या डोक्याशी नाही, समोर बसायला सांगतात. त्याने काय करायचं तर विचारायचं : कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. ती चालू असेल आणि डोक्याला मार असेल, तर आई कितीही ‘मी बरी आहे’ म्हणाली तरी हॉस्पिटल गाठायचं, कारण डोक्यातला रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, अगदी आठवड्यांनीही, लक्षात येतो. काही नसेल तर खुर्ची आणून द्यायची, आणखी एक मागे ठेवायची आणि तोंडाने सांगत राहायचं. हात लावायचा तो फक्त कमरेशी, दिशा दाखवण्यापुरता. उठायचं काम आईचं.

आई उठते. वेळ लागतो. तो दोनदा हात पुढे करतो आणि दोन्ही वेळा मागे घेतो. मी त्याच्याकडेच बघतोय. आईला उठताना बघत नुसतं बसून राहणं हे उचलण्यापेक्षा अवघड काम असावं.

चहा येतो. चहाबरोबर ताई बाथरूमवर येतात आणि इथे प्रत्येकाला काहीतरी सांगायचंय. घसरलं की हात कुठे जातो? टॉवेलच्या दांडीला. ती दोन बारीक स्क्रूंवर टॉवेलचं वजन पेलायला लावलेली असते. माणूस आणि दांडी दोघंही खाली येतात. भिंतीला चिकटवायचे रबरी कपवाले हँडलही तसेच, भरवशाचे नाहीत. स्टीलचा दांडा भिंतीत पक्का बसवलेला हवा, जमिनीपासून साधारण तेहतीस ते छत्तीस इंचांवर. कडीचा मुद्दा त्याहून नाजूक. आतून कडी लावायची नाही, असं ताई म्हणतात तेव्हा बायकांच्या रांगेत चुळबुळ होते.

“नळाला पाणी नसलं तरी चालेल, पण कडी हवी,” एक काकू ठामपणे सांगतात. “घरात जावई असतो.”

मग तोडगा निघतो, तोही ताईंचा नाही, मोटरमनकाकांच्या पत्नीचा : दाराच्या मुठीला बाहेरून टॉवेल अडकवायचा. टॉवेल असला की आत कुणीतरी आहे. “आमच्याकडे एकच बाथरूम होतं आणि माणसं नऊ,” त्या सांगतात. ताई तो तोडगा लगेच वहीत लिहून घेतात. दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या, हेही सुचवतात. आत पडलेल्या माणसाच्या अंगाने दार अडतं आणि बाहेरच्यांना ढकलता येत नाही.

“आणि फोन?” ताई विचारतात. “पडल्यावर फोन कुठे असतो?”

“चार्जिंगला. टीव्हीवर.”

“म्हणजे उभं राहिल्याशिवाय मिळणार नाही. गळ्यातल्या पिशवीत ठेवा. आणि एक किल्ली शेजारी.”

“माझ्या मुलीने घड्याळ पाठवलंय ना,” जांभळ्या साडीतल्या मावशी सांगतात. “पडलं की तिला आपोआप कळतं म्हणे.”

“छान. कुठे आहे?”

“कपाटात. पडून फुटेल म्हणून.”

हशा थांबेना. पण मावशी काही जगावेगळ्या नाहीत. केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या माणसांचा वर्षभर मागोवा घेऊन २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नव्हतं, आणि ३० टक्के तासभर किंवा जास्त जमिनीवर पडून होते. मदतीचं बटण असलेल्यांपैकीही एकटं असताना पडल्यावर बहुतेकांनी ते दाबलंच नाही. त्याआधी, १९८१ मध्ये, बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना आढळलं होतं की पडून तासाभरावर जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत गेले, मोठी इजा न झालेलेसुद्धा. थंडी, कोरड, दाबाखाली सडणारे स्नायू, आणि आधीपासूनचा अशक्तपणा. ताई हे आकडे आज सांगत नाहीत. मी नंतर विचारल्यावर म्हणतात, “सांगितले की दुसऱ्या दिवसापासून खुर्चीतून उठत नाहीत.” म्हणून त्या दुसरं सांगतात : उठता आलं नाही तर पडल्या पडल्या पाय हलवत राहा, कूस बदला, हाताला लागेल त्याने लादीवर ठोका, भांडं असेल तर उत्तम. खालच्या मजल्यावरच्यांना कळलं पाहिजे.

मालवणी आजी गादीवर गेलेल्या नाहीत. ताई जवळ जाऊन बसतात. “तुम्ही नाही येणार?”

“माका कोण उचलतलो?”

“कुणी नाही. तुमच्या तुम्ही.”

आजी गादीकडे बघतात, मग ताईंकडे. “पुढच्या मंगळवारी इलय तर चलात?”

“चालेल. पण एकट्याने घरी करून बघायचं नाही. पहिल्यांदा माझ्यासमोर.”

बाहेर पाऊस जरा उघडलाय. मंडळी छत्र्यांचा ढीग उपसतायत, आपापली ओळखायला भांडतायत, कारण सगळ्यांच्या काळ्याच आहेत. जांभळ्या साडीतल्या मावशींचा फोन वाजतो. व्हिडिओ कॉल. मेलबर्नला दुपारचे चार वाजले असतील. मावशी फोन इतका जवळ धरतात की मुलीला फक्त कपाळ दिसत असावं.

“अगं, मी आज जमिनीवर झोपले होते.”

पलीकडून किंकाळीवजा आवाज.

“पडले नाही, झोपले. शिकवतात इथे. आणि माझी मी उठले.”

“आई, कशाला करायचे हे उद्योग? घड्याळ घातलंयस का? आणि एकटी असताना असलं काही करू नकोस, प्लीज.”

“एकटी असताना पडले तर तू मेलबर्नहून येणारेस का मला उठवायला?” मावशी विचारतात. क्षणभर पलीकडे काहीच नाही. “बरं, ते राहू दे. जावयांचा खोकला थांबला का? आलं-गवती चहा दे म्हटलं होतं मी.” आणि फोन तसाच कपाळासमोर धरून, दुसऱ्या हाताने कठडा पकडून, त्या पायऱ्या उतरायला लागतात.

“फोन बंद करा आधी मावशी!” मागून ताई ओरडतात.